विश्वासाने तारण होतं, मग दवाखान्याचे पत्रे कशाला बदलायचे?

सावेडीची

नमस्कार. इथे धर्मावरचे धागे कुठे जाऊन संपतात ते माहीत आहे, तरी हिंमत करते.

आम्ही नगर जिल्ह्यातले ख्रिस्ती, प्रॉटेस्टंट, मिशनच्या काळापासूनचे. आमच्या मंडळीत दरवर्षी कापणीचा सण होतो. लोक शेतातलं, परसातलं पहिलं पीक देवळात आणून ठेवतात आणि भक्ती आटोपली की त्याचा लिलाव होतो. बाजरीची कणसं, अंडी, गावरान कोंबडी, एखादं करडू. पुकारा करणारे काका इतके तयारीचे, की यंदा एका लाल भोपळ्याला बाराशे रुपये आले. घेणाऱ्याने तो तिथेच परत दान केला, काकांनी पुन्हा पुकारला, पुन्हा नऊशे. असं करत करत एक लाख साठ हजार जमले.

आता हे पैसे कशावर घालायचे यावरून दोन तट पडलेत. नवे पाळकसाहेब आणि तरुण संघ म्हणतात तीन दिवसांची संजीवन सभा, म्हणजे विश्वास जागवायची प्रार्थनासभा, घेऊ. मांडव, साउंड, बाहेरगावचे वक्ते. जुनी माणसं म्हणतात मिशनच्या दवाखान्याचे पत्रे बदलू. दवाखाना म्हणजे तरी काय, आठवड्यातून दोन दिवस ओपीडी. गेल्या पावसाळ्यात इंजेक्शनच्या टेबलावर पातेलं ठेवावं लागलं होतं.

बैठकीत पाळकसाहेबांनी इफिसकरांस पत्र काढलं, अध्याय 2, ओव्या 8 आणि 9. तारण, म्हणजे पापातून सुटका, कृपेने, विश्वासाच्या द्वारे, कर्मांनी नव्हे. आमच्या निवृत्त सिस्टरबाई उठल्या आणि चष्मा न लावता याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय म्हणाल्या. क्रिया नसलेला विश्वास निर्जीव आहे. मागून कुणीतरी म्हणालं, "शास्त्रातच दोघांचं जमेना, आपलं काय जमणार!" बैठक पंधरा दिवस पुढे ढकलली.

माझा प्रश्न सरळ आहे. कृत्यांनी तारण होत नाही हे मला संडे स्कूलपासून पाठ आहे. मग कृत्यं कशासाठी? परीक्षेतल्या ऐच्छिक प्रश्नासारखी, सोडवली तर सोडवली? खऱ्या विश्वासाचा त्यांच्याशी नेमका संबंध काय? सगळ्यांनी लिहा, ख्रिस्ती नसाल तरी. फक्त धर्मांतरावर घसरू नका, हात जोडते.

टवाळ_कार्टा

पहिला!
एक भोपळा दोनदा विकता येतो हे मार्केट यार्डात कळलं तर आडत्यांचा संप होईल. चालू द्या, चहा घेऊन बसलोय.

आगाशीचं_केळं

मी वसईचा, कॅथलिक. आमच्याकडे हा प्रश्न असा पडतच नाही हो. मिस्सा ऐकायची, पापनिवेदन करायचं आणि पॅरिशमधल्या सेंट व्हिन्सेंट दी पॉलवाल्यांबरोबर गरिबाच्या घरी धान्यही पोचवायचं. तिन्ही मिळून एकच गोष्ट. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी हरित वसईसाठी मोर्चे काढले, पाणी आणि जमिनी लुटणाऱ्यांशी उघड वैर घेतलं. 'हे तुमच्या विश्वासाचं काम की समाजकार्य' असं त्यांना विचारलं असतं तर ते नुसते हसले असते, असं मला वाटतं.

तुम्हा प्रॉटेस्टंट लोकांना ल्यूथरने 1517 मध्ये दिलेलं हे दुखणं आहे. रागावू नका.

मास्तर६२

केळेसाहेब, रागावलो नाही, पण उत्तर देतो. आयुष्यभर शाळेत शिकवलं आणि रविवारी उपदेश केला, तेव्हा लांबण लागेल.

ल्यूथरला दुखणं झालं कारण आधी रोग होता. पैसे देऊन क्षमापत्र घ्या, शुद्धिस्थानातली शिक्षा माफ होईल, असा बाजार जर्मनीत भरला होता. 'माणूस देवापुढे नीतिमान ठरतो तो विश्वासाने' हे त्याचं म्हणणं त्या बाजाराच्या विरोधात होतं, दवाखान्याच्या नव्हे. आवेशात तो पुढे गेला हेही खरं. 1522 साली नव्या कराराच्या प्रस्तावनेत त्याने याकोबाच्या पत्राला गवताच्या काडीचं पत्र म्हटलं. पण त्याच काळात रोमकरांस पत्राबद्दल लिहिताना तोच म्हणतो, की विश्वास ही जिवंत, धडपडी गोष्ट आहे, सत्कृत्यं करायची का असं ती विचारतच नाही, विचारायच्या आधीच ती करून मोकळी झालेली असते.

उलट बाजूने कॅथलिकांच्या त्रेंतच्या धर्मसभेने 1547 मध्ये निवाडा दिला, की नुसत्या विश्वासावर भागत नाही, कृपेशी माणसाने सहकार्य केलं पाहिजे. पण त्याच निवाड्यात हेही आहे की सुरुवात देवाच्या कृपेनेच होते, कुणी स्वतःच्या पुण्याईने ती कमावत नाही. हे वाक्य आमचे लोक वाचत नाहीत आणि ल्यूथरचं वरचं वाक्य तुमचे.

शेवटी 31 ऑक्टोबर 1999 ला ऑग्सबुर्गमध्ये कॅथलिक आणि ल्यूथरन मंडळ्यांनी एका संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. आपल्या कोणत्याही लायकीमुळे नव्हे तर केवळ कृपेने देव आपल्याला स्वीकारतो आणि तोच सत्कृत्यांसाठी बळ देतो, असा त्याचा गाभा. 2006 मध्ये मेथडिस्ट त्यात आले. पावणेपाचशे वर्षांचं भांडण बऱ्यापैकी मिटलं, फक्त आपल्या मंडळ्यांपर्यंत पत्र पोचायचं राहिलं.

आता पौल आणि याकोब. दोघे वेगवेगळ्या माणसांशी बोलताहेत. 'सुंता करा, नियमशास्त्र पाळा, तरच आत या' म्हणणाऱ्यांशी पौल भांडतोय. 'आत तर आलोय, आता काही करायची गरज नाही' म्हणणाऱ्याला याकोब झोडतोय. दोघांनी दाखला एकाचाच दिलाय, अब्राहामाचा. आणि पाळकसाहेबांना माझा निरोप सांगा, आठवी-नववी ओवी वाचलीत तर दहावी का सोडलीत? तिथेच लिहिलंय की आपण सत्कृत्यांसाठी निर्माण केलेले आहोत.

सावेडीची

मास्तर, दहाव्या ओवीचं खरंच कुणाच्या लक्षात आलं नाही. सिस्टरबाईंना आत्ताच फोन केला. म्हणाल्या, "मला माहीत होती, पण साहेब नवे आहेत, पहिल्याच बैठकीत कशाला."

किडा_काढू

मास्तरांचा प्रतिसाद +१. पण मग प्रश्न तसाच राहिला ना? विश्वास खरा असेल तर कृत्यं आपोआप येतात म्हणता. आली नाहीत तर विश्वास खोटा म्हणता. म्हणजे कुठूनही आलं तरी तुमचंच बरोबर. हे तर्कशास्त्रात बसत नाही.

टवाळ_कार्टा

याकोब 2:19 बघा किडेपंत. देव एकच आहे असा विश्वास भुतंही धरतात आणि थरथर कापतात. म्हणजे नुसत्या विश्वासात भूत आणि आपण बरोबरीला. त्यातही भुतं निदान कापतात तरी. मी काल संडे स्कूलच्या जुन्या मित्राला विचारून आलोय, हसू नका.

नास्तिक_नाना

धर्मांतरावर घसरत नाही, पण कडेने जाणार. कारण 'कृत्य कशासाठी' हा प्रश्न या भागात हवेतला नाही. दुष्काळात मिशनने अन्न दिलं, अनाथ मुलं सांभाळली आणि मग गावंच्या गावं ख्रिस्ती झाली. धान्यासाठी बाटले म्हणून त्या लोकांना हिणवलं गेलं. मला हिणवायचं नाही. उपाशी माणसाने काय करावं हे पोट भरलेल्यांनी शिकवू नये. पण देणाऱ्याला विचारतो. बदल्यात विश्वास हवा असेल तर ते सत्कृत्य की सौदा?

अनुस्वार_नाही

नाना, प्रश्न रास्त आहे, आणि तो त्या काळच्या मिशनऱ्यांनाही छळत होता. आपल्याकडचं नाही, तेलुगू मुलखातलं उदाहरण देतो. ओंगोलला जॉन क्लाव नावाचा अमेरिकन बाप्टिस्ट होता. 1876-78 च्या दुष्काळात त्याने बकिंगहॅम कालव्याच्या खोदाईचं काम घेऊन हजारो उपाशी लोकांना मजुरी मिळवून दिली. लोक बाप्तिस्मा मागायला लागले तेव्हा त्याने दुष्काळी काम चालू असेपर्यंत बाप्तिस्मे बंद ठेवले. लोभाने कुणी येऊ नये म्हणून. काम संपलं, धान्य संपलं, तरी लोक आले. 3 जुलै 1878 ला एका दिवसात 2,222 जणांचा बाप्तिस्मा झाला.

यावरही शंका घेता येते, नाही म्हणत नाही. कृतज्ञता आणि विश्वास यांच्यामध्ये रेघ कुठे मारायची? पण मजुरी आणि बाप्तिस्मा यांची सांगड घालायची नाही, एवढं तरी त्या माणसाला कळलं होतं.

नास्तिक_नाना

हे माहीत नव्हतं. टोपी काढतो, पण अर्धीच.

विठूचं_वासरू

आम्ही माळकरी. वाचताना गंमत वाटतेय, कारण हेच भांडण वैष्णवांच्यातही होऊन गेलंय. दक्षिणेत श्रीवैष्णवांमध्ये दोन पंथ पडले. एक म्हणतो भक्त माकडिणीच्या पिलासारखा, त्याने आईला धरून ठेवायला हवं. दुसरा म्हणतो मांजरीच्या पिलासारखा, आई मानेला धरून नेईल, पिलाने काही करायचं नाही. मर्कटन्याय आणि मार्जारन्याय. तुमचे पाळकसाहेब मार्जारवाले दिसतात.

आमच्या तुकोबांनी मात्र 'जे का रंजले गांजले' म्हणून टाकलं आणि साधू कोण ते तिथेच ओळखायला सांगितलं. रेव्हरंड टिळक तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे गेलो म्हणायचे ना? मग तो पूल अजून उभा आहे, येऊन जाऊन असा.

मास्तर६२

वासरूबुवा, मांजरीचं पिलू आवडलं. फक्त एक भर घालतो. पिलू मोठं झाल्यावर उंदीर धरायला लागतं. ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा. तो पूल आमच्या उपासना संगीत या गीतांच्या पुस्तकात पानोपानी दिसतो.

केडगावकडची

पंडिता रमाबाईंचं नाव अजून कसं नाही आलं? या प्रश्नाला त्यांच्याइतकं चांगलं उदाहरण आख्ख्या महाराष्ट्रात नसेल.

त्या इंग्लंडला गेल्या, तिथे लंडनमधल्या फुलमला एका आश्रमात नन्स 'वाया गेलेल्या' म्हणून टाकलेल्या बायकांची सेवा करताना पाहिल्या. अशा बायकांना इतक्या मायेने कुणी वागवतं हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. का करता म्हणून विचारलं, तर एका सिस्टरने शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली, योहानाचा चौथा अध्याय. म्हणजे सुरुवात कृत्य बघून झाली. 1883 मध्ये बाप्तिस्मा. 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन, पुढच्या वर्षी ते पुण्याला. विधवांना शिकवणं, सांभाळणं, समाजाच्या शिव्या खाणं, सगळं चालू.

आणि मग स्वतःच्या साक्षीत त्या लिहितात, की मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण ख्रिस्त सापडला नव्हता. बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी त्यांना हे उमगलं. विचार करा, एवढं काम करणारी बाई म्हणते की माझ्याकडे मुख्य गोष्टच नव्हती! कृत्यं होती, विश्वास (त्यांच्या मते) नव्हता. मग विश्वास आला तर काम थांबलं का? 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीतल्या शेकडो मुली पुणे जिल्ह्यातल्या केडगावला घेऊन आल्या. तिथे विणकाम, तेलाची घाणी, छापखाना, सगळं मुली चालवायच्या. आणि त्याच केडगावात 1905 मध्ये संजीवनाची लाट आली. मुली रात्ररात्र रडत प्रार्थना करायच्या.

सावेडीताई, तुमच्याकडचे दोन तट केडगावला एकाच आवारात राहत होते.

साक्षी_एस

मी लहान मंडळीतली, लोक आम्हाला टाळ्यावाले म्हणतात. वाद घालायला येत नाही, फक्त साक्ष देते.

माझे मिस्टर प्यायचे. एका सभेत, हो, मांडव आणि साउंडवाल्या सभेतच, त्यांनी प्रभूचा स्वीकार केला. मला विश्वास बसला नव्हता, असे स्वीकार आधीही झाले होते. पण त्या आठवड्यात ते किराणावाल्या शेठकडे गेले आणि म्हणाले, माझी जुनी उधारी काढा. शेठ म्हणाले, ती वही मी केव्हाच रद्दीत घातली, तू काय देणार होतास! मग दोघांनी बसून अंदाजाने आकडा काढला आणि मिस्टरांनी दर पगाराला थोडे थोडे करून फेडला. मी त्या दिवशी मानलं की काहीतरी झालंय. त्यांच्या रडण्याने नाही मानलं.

म्हणून सभांना सरसकट नावं ठेवू नका एवढंच.

आगाशीचं_केळं

साक्षीताई, हा तर जक्कय! लूकचा 19 वा अध्याय. जकातदार उंबरावरून उतरतो आणि म्हणतो, अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, कुणाला लुबाडलं असेल तर चौपट परत करतो. त्यानंतर येशू म्हणतो, आज या घराला तारण झालं आहे. मास्तर, क्रम बघा. आधी चौपट, मग तारण. आमची बाजू पक्की.

मास्तर६२

क्रम मीही बघतो. पण त्याच्याही आधी येशू त्याला नावाने हाक मारतो आणि म्हणतो आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे. जक्कयने तोपर्यंत छदाम दिलेला नाही, फक्त झाडावर चढलाय. आधी हाक, मग चौपट. येशूशेजारी वधस्तंभावर असलेल्या, शेवटच्या घटकेला तारण मिळालेल्या चोराला तर चौपट द्यायला वेळही नव्हता.

आगाशीचं_केळं

चोरानेही एक सत्कृत्य केलं. शेजारच्याला गप्प केलं आणि निरपराधाची बाजू घेतली. सगळे शिव्या देत असताना. मरताना तेवढंच हातात होतं, तेवढं केलं.

किडा_काढू

हा मुद्दा जबरी आहे. मी पक्ष बदलतोय.

टवाळ_कार्टा

तुझा कुठला पक्ष होता?

स्टुटगार्टहून

दुसऱ्या टोकाचा अनुभव. इथे आल्यावर नगरपालिकेत नावनोंदणी करताना धर्म विचारतात. मी अभिमानाने प्रॉटेस्टंट लिहिलं, आणि पहिल्या पगारातच चर्चचा कर कापला गेला. आमच्या राज्यात आयकराच्या 8 टक्के, बहुतेक जर्मनीत 9. घरी सांगितलं तर आई म्हणाली बरं झालं, तसा तू दशांश कधी दिला असतास!

इथे चर्चच्या सेवासंस्था प्रचंड आहेत. प्रॉटेस्टंटांची डियाकोनी, कॅथलिकांची कारितास. इस्पितळं, वृद्धाश्रम, बालवाड्या, लाखो लोक नोकरीला. आणि रविवारी देवळात डोकी मोजून घ्या. माझ्या शेजारणीने मला सांगितलं, ती देव मानत नाही, पण कर भरते, कारण आईची शेवटची काळजी डियाकोनीच्या नर्सेसनी घेतली. म्हणजे ल्यूथरच्याच देशात आता कृत्यं उरलीत आणि विश्वास पातळ झालाय. माझ्या आतून कुणीतरी म्हणतं की हे बरंच आहे. दुसरं कुणीतरी विचारतं की आणखी दोन पिढ्यांनी हे चालवणार कोण.

आणि धर्मशास्त्री बोनहोफर इथलाच. तो 'स्वस्त कृपा' म्हणायचा. पश्चात्तापाविना क्षमा, येशूमागे न जाता मिळणारं तारण. त्याला 9 एप्रिल 1945 ला नाझींनी फाशी दिलं. तो पक्का ल्यूथरन होता, 'विश्वासानेच' मानणारा. केळेसाहेबांनी दुखणं म्हटलं म्हणून आठवलं.

आगाशीचं_केळं

दुखणं शब्द मागे. (अर्धाच, नानांसारखा.)

मिरजेची_कन्या

माझे वडील मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात कंपाउंडर होते. डॉ. वानलेस यांनी ते 1894 मध्ये सुरू केलं, प्रेस्बिटेरियन मिशन. प्रेस्बिटेरियन म्हणजे 'कर्मांनी तारण नाही' यावर सगळ्यात कडक माणसं. आणि बांधलं काय, तर एवढं मोठं इस्पितळ! वडील सांगायचे, सकाळी कामाआधी प्रार्थना, मग ओपीडी. ऑपरेशन टेबलाशी सर्जनने प्रार्थना करायची पद्धत होती, पेशंट कुठल्याही जातीधर्माचा असो. त्यांना वेगळं काही करतोय असं वाटत नसे, हात धुण्याइतकं नेमाचं.

पत्रावळ

इतिहासाच्या मंडळींना विचारते, हे 'सभा की दवाखाना' भांडण पहिल्यांदा होत नसणार ना?

अनुस्वार_नाही

अजिबात नाही. आणि नगरमध्येच होऊन गेलंय. अमेरिकन मराठी मिशनचं मुख्य बोर्ड बॉस्टनला. तिथले सेक्रेटरी रूफस अँडरसन 1854-55 मध्ये पाहणीला हिंदुस्थानात आले. त्यांचं मत होतं की मिशनचं काम सुवार्ता सांगणं आणि स्थानिक मंडळ्या, स्थानिक पाळक उभे करणं. इंग्रजी शाळा चालवणं नव्हे. त्या दौऱ्यानंतर इंग्रजी शाळा आवरत्या घेतल्या गेल्या. अँडरसनचं म्हणणं सगळंच चुकीचं नव्हतं, स्थानिक माणसाच्या हाती मंडळी द्या हे तर काळाच्या पुढचं होतं. पण त्याच नगरमध्ये याच मिशनची सिंथिया फरार मुलींच्या शाळा चालवत होती. तिच्या शाळा बघून जोतीराव फुल्यांना पुण्यात मुलींची शाळा काढायचं सुचलं, आणि सावित्रीबाई तिच्याकडे शिकल्या. फरारबाईने किती बाप्तिस्मे घडवले हे आज कुणी विचारत नाही.

आता थोडं बोचरं लिहितो. सावेडीताई, सिस्टरबाईंनी याकोबाचा दुसरा अध्याय म्हटला, पण बहुधा 14 व्या ओवीपासून. तो पहिल्या ओवीपासून वाचा. सोन्याची अंगठी घातलेला एक जण सभेत येतो, त्याला 'इथे चांगल्या जागी बसा'. मळक्या कपड्यातला गरीब येतो, त्याला 'तू तिथे उभा राहा'. 'क्रियांवाचून विश्वास' ही चर्चा तिथून सुरू होते. आणि पाचव्या अध्यायात काय? शेतं कापणाऱ्या मजुरांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे आणि ती ओरड देवाच्या कानी गेली आहे.

म्हणजे याकोबाच्या डोळ्यांपुढे देणगीचा फलक नाही. कुणाला कुठे बसवलं आणि कुणाची मजुरी दिली नाही, एवढं आहे. आपल्या मंडळ्यांत एकाच प्याल्यातून प्रभुभोजन घेतात आणि मुलीचं जमवताना पूर्वाश्रमीची जात हळूच विचारतात. मी स्वतः त्यातून गेलोय. तेव्हा मांडव की पत्रे हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. दोन्हीला पावती फाडता येते आणि दोन्हीवर नाव कोरता येतं.

मास्तर६२

अनुस्वार, बोचलं आणि बरं झालं. पौलाचंही असंच आहे. सगळे त्याला विश्वासवाला म्हणून ओळखतात, पण गलतीकरांस पत्रात तो सांगतो की यरुशलेमच्या वडीलजनांनी त्याला गरिबांची आठवण ठेवायला सांगितलं आणि त्याची स्वतःचीही तीच उत्कंठा होती. नंतर गावोगाव वर्गणी गोळा करत फिरला.

नास्तिक_नाना

आणि ती मेंढरं-शेरडांची गोष्ट, मत्तय 25. त्यात ज्यांचं तारण होतं त्यांना, गरिबाला दिलं ते प्रभूलाच पोचलं, हे ठाऊकही नसतं. 'प्रभू, आम्ही तुला उपाशी कधी पाहिलं?' असं तेच विचारतात. ती माणसं माझ्यासारखी नास्तिकही असू शकतात, काय म्हणता?

साक्षी_एस

नाना, मत्तय 7 पण वाचा. 'तुझ्या नावाने अद्भुत कृत्यं केली' म्हणणाऱ्यांना तो 'मला तुमची ओळख नाही' म्हणतो. म्हणजे कामाची यादी दाखवून आत जाता येत नाही. पण तुम्ही या, जागा आहे.

नास्तिक_नाना

पहिल्या बाकावर की मागे उभं?

साक्षी_एस

😀 माझ्या शेजारी.

संपादक

चार प्रतिसाद उडवले आहेत. ज्यांना परदेशी पैशांवर बोलायचं आहे त्यांनी वेगळा धागा काढावा.

सावेडीची

सगळ्यांचे आभार. अनुस्वार यांचा प्रतिसाद वाचून मी एक काम केलं. मी मंडळीच्या हिशेबाला मदत करते, म्हणून दवाखान्याचं रजिस्टर मागवलं. दवाखाना झाडणाऱ्या, उकळून ठेवायची भांडी बघणाऱ्या मावशी आहेत. त्यांचा पगार एप्रिलपासून निघालेलाच नाही. महिना तीन हजार. आधीच्या खजिनदारांनी 'फंड आला की' असं पेन्सिलीने लिहून ठेवलंय. मावशी दर रविवारी भक्तीला येतात, दाराशी चपलांजवळ बसतात, आणि आमच्यापैकी एकानेही विचारलं नाही. लिलावात त्यांनी दोन नारळ दिले होते.

काल बैठक झाली. मी रजिस्टर वाचून दाखवलं. खोली अगदी गप्प नाही झाली, दोघे-तिघे 'त्यांनी मागायला हवं होतं' म्हणालेच. पाळकसाहेब मात्र उठले आणि म्हणाले, आधी हे द्या, नंतर तुमच्या-माझ्या ओव्या. थकलेला पगार मंजूर. पुढे दर महिन्याच्या पाच तारखेला, हेही लिहून घेतलं. पत्र्यांचं कोटेशन मागवलंय. सभा तीन दिवसांऐवजी एक दिवस, मांडवाशिवाय, देवळातच. तरुण संघ थोडा फुगलाय.

सिस्टरबाई घरी जाताना एवढंच म्हणाल्या की पत्रे लावताना वरून सफेद रंग मारा, उन्हाळ्यात पेशंट भाजतात.

स्टुटगार्टहून

पत्र्यांसाठी थोडे पाठवायचे आहेत. कुठे पाठवू ते व्यक्तिगत निरोपात कळवा. नाव नको.

टवाळ_कार्टा

मी भोपळा घ्यायला तयार आहे, पण एकदाच विकला जाणारा.

किडा_काढू

सगळं छान, पण माझा तर्काचा प्रश्न अजून तसाच आहे. मावशींचा पगार थकला असताना त्या मंडळीचा विश्वास खोटा होता का? आणि काल पैसे दिल्यावर खरा झाला?

मास्तर६२

किडेपंत, मंडळीचा सामायिक विश्वास असा मोजता येईल असं मला वाटत नाही. याकोब 'तू' म्हणून एकेकाला विचारतो. मावशींचा विश्वास तर पूर्ण वेळ खरा होता, पगाराविना भांडी उकळत होत्या.

आगाशीचं_केळं

बघा, मास्तर, मावशींचा विश्वास कशावरून ओळखलात? भांड्यांवरून! त्रेंत जिंदाबाद.

मास्तर६२

ओळखला भांड्यांवरून, आला भांड्यांतून नाही. सविस्तर रात्री लिहितो, आत्ता नातवाला शाळेतून आणायचंय.